टक्केवारी आणि नेम: ड्राफ्टआधी क्वार्टरबॅक पारखताना

एप्रिलमध्ये एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट (कॉलेजच्या खेळाडूंची निवड) जवळ आला की कॉलेजमधून येणाऱ्या प्रत्येक क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या नावापुढे एक आकडा लागतो: त्याने फेकलेल्या शंभर पासपैकी किती पूर्ण झाले. कुणाचे ६२, कुणाचे ७०, कुणाचे ७७. त्यावरून लगेच निकाल लागतात, ‘हा पोरगा फार अचूक आहे’, ‘याला नेमच नाही’. शनिवारी कॉलेजचा आणि रविवारी एनएफएलचा सामना लावणाऱ्या अमेरिकेतल्या मराठी घरांतही हेच ऐकू येतं. पण पासची टक्केवारी आणि फेकणाऱ्याचा नेम या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली की संघाची चार-पाच वर्षं फुकट जातात आणि विशीतल्या एका मुलाची कारकीर्द भलत्याच अपेक्षांखाली दबते.

चेंडूचं शेवटी काय झालं, याची नोंद म्हणजे टक्केवारी. चेंडू कुठे आणि कोणत्या क्षणी पोचला, तो नेम. बॅटची कड लागून स्लिपमधून निसटलेला चौकार आणि देखणा कव्हर ड्राइव्ह धावफलकावर सारखेच दिसतात; निवड समितीला मात्र ते सारखे दिसून चालत नाही.

आधी टक्केवारीचा हिशेब पाहू, कारण गोंधळाचं मूळ तिथेच आहे. पास रिसीव्हरच्या, म्हणजे तो झेलणाऱ्या साथीदाराच्या, हातात बसून सुटला तरी तो क्वार्टरबॅकच्या खात्यात अपूर्ण लिहिला जातो. घड्याळ थांबवण्यासाठी चेंडू मुद्दाम जमिनीवर आपटला, तोही अपूर्ण. कुणीच मोकळं नाही म्हणून शहाणपणाने चेंडू मैदानाबाहेर भिरकावला, तोही अपूर्ण. याउलट चेंडू हातात धरून उभं राहिलं आणि बचावपटूंनी तिथेच पाडलं, तर त्याला सॅक म्हणतात आणि सॅक टक्केवारीत येतच नाही. म्हणजे संघाचे सात-आठ यार्ड वाचवणाऱ्याची टक्केवारी उतरते आणि ते गमावणाऱ्याची जशीच्या तशी राहते. कोलोरॅडोच्या शडूर सँडर्सला २०२३ च्या मोसमात ५२ वेळा सॅक केलं गेलं. पुढच्या वर्षी त्याची टक्केवारी ७४.० होती आणि तरीही २०२५ च्या ड्राफ्टमध्ये तो पाचव्या फेरीत, १४४ व्या क्रमांकावर निवडला गेला. एवढं खाली जाण्यामागे बरीच कारणं असतील, पण ७४ च्या आकड्याने संघांचे डोळे दिपले नाहीत एवढं नक्की.

टक्केवारी किती हलू शकते हे पाहायचं तर जो बरोची दोन वर्षं शेजारी ठेवावीत. २०१८ मध्ये एलएसयूकडून (लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडून) खेळताना त्याचे ५७.८ टक्के पास पूर्ण झाले. २०१९ मध्ये त्याच कॉलेजात, त्याच जर्सीत, ७६.३ टक्के, सोबत ६० टचडाउन पास आणि राष्ट्रीय विजेतेपद. एका उन्हाळ्यात कुणाचा हात साडेअठरा टक्क्यांनी सुधारत नाही. सुधारलं होतं आजूबाजूचं बरंच काही. न्यू ऑर्लिन्स सेंट्स या एनएफएल संघातून जो ब्रेडी नावाचा तरुण प्रशिक्षक आला, पाच जणांना पासिंगसाठी मैदानभर पसरवणारी रचना आली, स्नॅपच्या, म्हणजे खेळी सुरू होण्याच्या आधीच बचाव वाचून खेळ बदलण्याची मोकळीक बरोला मिळाली आणि जमार चेस व जस्टिन जेफरसन हे दोन रिसीव्हर बहरात आले. बरोला नेम होताच. २०१८ च्या आकड्यात तो दिसत नव्हता, २०१९ च्या आकड्यात तो रचनेसकट दिसला. एनएफएलच्या बेंगल्स संघाने २०२० च्या ड्राफ्टमध्ये त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं आणि २०२१ च्या मोसमात ७०.४ टक्क्यांनिशी तो अख्ख्या एनएफएलमध्ये पहिला आला.

मग ७७ टक्के दिसले की डोळे मिटून विश्वास ठेवावा का? अलाबामाच्या मॅक जोन्सने २०२० मध्ये ७७.४ टक्क्यांचा विक्रम केला. त्याचा चेंडू पकडणारा डेव्हॉन्टा स्मिथ त्याच वर्षी कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूची हाइजमन ट्रॉफी घेऊन गेला. रिसीव्हरला तो मान क्वचितच मिळतो. क्वार्टरबॅकचं रक्षण करणारी पुढची फळी इतकी भक्कम होती की देशातल्या सर्वोत्तम ऑफेन्सिव्ह लाइनचा पुरस्कार तिलाच मिळाला. जोन्सचा नेम चांगला होता आणि पॅट्रियट्सकडून पहिल्या वर्षी तो दिसलाही. पण आकड्यातला किती भाग त्याचा आणि किती स्मिथच्या मोकळ्या धावेचा, हे आकडा सांगत नाही. तीन वर्षांनी ओरेगनच्या बो निक्सने तो विक्रम अगदी थोडक्यात मोडला. हाच निक्स ऑबर्नमध्ये असताना साठच्या आसपास होता. ओरेगनमध्ये त्याच्या पासचा मोठा वाटा स्क्रिमेजच्या, म्हणजे खेळी जिथून सुरू होते त्या, रेषेमागे किंवा तिच्या अगदी जवळ असायचा: स्क्रीन पास, बाजूला झटकन दिलेला चेंडू आणि पुढचं काम रिसीव्हरच्या पायांचं. असे पास नव्वदच्या घरात पूर्ण होणं अपेक्षितच असतं. निक्स वाईट होता असा याचा अर्थ मुळीच नाही. ब्रॉन्कोजना पहिल्याच वर्षी प्लेऑफमध्ये नेऊन त्याने आपली पात्रता दाखवली. मुद्दा एवढाच की एनएफएलच्या पहिल्या मोसमात त्याची टक्केवारी ६६.३ झाली, आणि तीच त्याची खरी पातळी समजायला अधिक जवळची होती.

आता नेम. तो मोजायचा तर सामन्यांच्या टेपसमोर बसावं लागतं, प्रत्येक पास तीन-चार वेळा मागेपुढे करून पाहावा लागतो. एनएफएलमध्ये खेळाडूंच्या शोल्डर पॅडमध्ये चिप असते, त्यामुळे जवळचा बचावपटू किती अंतरावर होता, पास पूर्ण होण्याची शक्यता किती होती आणि प्रत्यक्षात काय झालं, याची तुलना करता येते. कॉलेजच्या मुलाची पारख करताना मात्र टेप पाहण्याचं कष्टाचं काम टळत नाही, आणि मला ते टळूही नये असं वाटतं.

पहिला प्रश्न, चेंडू पकडण्याजोगा होता का. इथे सुटलेले झेल, मुद्दाम बाहेर टाकलेले आणि समोरच्या फळीतल्या लाइनमनच्या हाताला लागून पडलेले चेंडू बाजूला काढायचे. बहुतेक लोक इथेच थांबतात. खरं पाहणं मात्र यापुढे आहे, कारण पकडण्याजोगा चेंडू म्हणजे चांगला चेंडू नव्हे. स्लँट घेऊन आत कापणाऱ्या रिसीव्हरला चेंडू छातीच्या जरा पुढे मिळाला तर तो वेग न मोडता पळतो आणि पंचवीस यार्ड काढतो. तोच चेंडू मागच्या कमरेशी आला तर त्याला वळावं लागतं, झेल होतो आणि तो तिथेच पाडला जातो. नोंद दोन्हींची सारखी, पूर्ण पास. कुणाच्या टेपमध्ये असे मागे राहिलेले झेल वारंवार दिसले की सत्तर टक्के असले तरी मला त्या मुलाची काळजी वाटते. कॉलेजचा कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरला रोखणारा बचावपटू, तिथे पोचत नाही. रविवारचा पोचतो आणि चेंडू हिसकावून उलटा पळत सुटतो.

याउलट, बचावपटू रिसीव्हरच्या डाव्या खांद्याला चिकटलेला असताना चेंडू मुद्दाम उजव्या बाहेरच्या खांद्यावर, जिथे फक्त आपला माणूस पोचेल तिथे टाकलेला दिसतो. कधी झेल होतो, कधी निसटतो. निसटला तरी अशा पासला मी माझ्या वहीत पूर्ण गुण देते, कारण फेकणाऱ्याने त्याचं काम चोख केलेलं असतं.

दुसरी गोष्ट वेळ. रिसीव्हर वळायच्या आधी चेंडू हातातून सुटला का? आउट रूटवर कडेला वळणारा खेळाडू मोकळा दिसेपर्यंत जो थांबतो, त्याचा चेंडू कॉलेजमध्ये पोचतो, कारण तिथल्या बचावातल्या फटी मोठ्या आणि सावकाश मिटणाऱ्या असतात. वरच्या पातळीवर फट दिसली याचा अर्थ ती मिटायला लागली. अर्धा सेकंद उशिरा आलेला अगदी सरळ चेंडूही तिथे चुकीचाच. म्हणून वेळेला मी नेमाचाच भाग मानते. टक्केवारीत वेळेला जागाच नाही.

तिसरी गोष्ट पाय. नेम हातात असतो असा समज आहे, पण तो जमिनीपासून सुरू होतो. पुढचा पाय लक्ष्याच्या दिशेला नसेल तर चेंडू उंच जातो किंवा बाजूला सरकतो. म्हणून पॉकेट (क्वार्टरबॅकभोवतीचं लाइनमनचं कडं) स्वच्छ असतानाचे पास आणि समोरून माणूस अंगावर येत असतानाचे पास वेगवेगळे मोजावेत. काही मुलं स्वच्छ पॉकेटमध्ये सुरेख दिसतात आणि पहिला धक्का बसताच त्यांचे पाय नाचू लागतात. इंडियानापोलिसच्या कम्बाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या सामूहिक चाचणीत) किंवा कॉलेजच्या प्रो डेला (कॉलेजातल्याच चाचणीच्या दिवशी) हे कधीच कळणार नाही. तिथे समोर बचावच नसतो. प्रो डेला तर कोणता पास कधी फेकायचा हेही आधीपासून ठरलेलं असतं.

यात नियमांचा फरकही मिसळतो. कॉलेजच्या मैदानावर हॅश मार्क, म्हणजे खेळी ज्यांच्या दरम्यान सुरू होते त्या खुणांच्या दोन रांगा, एकमेकांपासून ४० फूट लांब असतात, एनएफएलमध्ये फक्त साडेअठरा फूट. १६० फूट रुंदीच्या मैदानात कॉलेजचा चेंडू हॅशवर ठेवला की एका बाजूला ६० फूट आणि दुसऱ्या बाजूला १०० फूट जागा उरते. त्या रुंद बाजूला रिसीव्हर मोकळा सापडणं सोपं होतं आणि टक्केवारी चढते. शिवाय कॉलेजमध्ये लाइनमन पासच्या वेळी तीन यार्ड पुढे जाऊ शकतात, एनएफएलमध्ये एकच. धाव की पास अशी हूल देणाऱ्या खेळ्या त्यामुळे कॉलेजमध्ये जास्त फळतात. आणि कॉलेजमध्ये झेल घेताना एक पाय मैदानात असला तरी पुरतं, एनएफएलमध्ये दोन्ही लागतात. कडेच्या रेषेजवळ एक फूट बाहेर गेलेला चेंडू शनिवारी पूर्ण पास असतो, रविवारी नाही.

इतकं ऐकल्यावर टक्केवारी निरुपयोगी आहे असं वाटेल. तसं नाही, आणि या बाबतीत माझं मत ठाम आहे: वरचा आकडा प्रमाणपत्र म्हणून कमी कामाचा, खालचा आकडा धोक्याची घंटा म्हणून बराच विश्वासार्ह. रचना आणि रिसीव्हर मिळून साधारण मुलाला सत्तरीपार नेऊ शकतात. पण सगळ्या सोयी असूनही कुणी पंचावन्नच्या आसपास रेंगाळत असेल तर बहुतेक वेळा दोष फेकीतच असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा काइल बोलर जबरदस्त हाताचा म्हणून २००३ मध्ये रेव्हन्सनी एकोणिसाव्या क्रमांकावर घेतला. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी त्याचे ५३.४ टक्के पास पूर्ण झाले होते. वॉशिंग्टनचा जेक लॉकर शेवटच्या वर्षी ५५.४ वर होता, २०११ मध्ये टायटन्सनी त्याला आठवा निवडला आणि चार मोसमांनंतर तो निवृत्त झाला. दोघांकडे ताकद होती, वेग होता. नेम मागाहून येईल ही आशा दोन्हीकडे फोल ठरली.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे जॉश अ‍ॅलन. वायोमिंगमध्ये ५६.२ टक्के, २०१८ च्या ड्राफ्टमध्ये सातवा क्रमांक, आणि २०२४ च्या मोसमाचा एमव्हीपी, म्हणजे लीगमधला सर्वोत्तम खेळाडू. त्याच्या वतीने तेव्हा सांगितलं जायचं की शेवटच्या वर्षी त्याचे चांगले साथीदार निघून गेले होते. ते खरं होतं. पण २०१६ मध्ये, ते साथीदार असताना, त्याची टक्केवारी ५६.० होती आणि २०१७ मध्ये, ते नसताना, ५६.३. म्हणजे साथीदारांची सबब पुरी पडत नव्हती. नेमात खोट होती आणि टेपमध्ये ती दिसतही होती, विशेषतः पाय न रोवता फेकलेल्या जवळच्या पासमध्ये. त्याच्या एनएफएल संघात, बफेलोत, पहिल्या वर्षी ५२.८, दुसऱ्या वर्षी ५८.८, आणि २०२० मध्ये एकदम ६९.२. त्या वर्षी रिसीव्हर स्टीफॉन डिग्ज आला आणि १२७ झेल घेऊन लीगमध्ये पहिला ठरला, हे खरं. पण त्याआधी अ‍ॅलनने उन्हाळ्यामागून उन्हाळे फेकण्याची ढब आणि पायांची ठेवण नव्याने घडवली, संघाने त्याला तीन वर्षं दिली आणि प्रशिक्षक ब्रायन डेबोल त्याच्यासोबत टिकून राहिला. इतकं सगळं जुळून येणं दुर्मीळ असतं.

अ‍ॅलनच्या यशाचा सगळ्यात मोठा भार, माझ्या मते, अँथनी रिचर्डसनवर पडला. फ्लोरिडाचा हा विलक्षण धावणारा, बलदंड मुलगा कॉलेजमध्ये सुरुवातीचा क्वार्टरबॅक म्हणून जेमतेम १३ सामने खेळला होता आणि २०२२ मध्ये त्याची टक्केवारी ५३.८ होती. कोल्ट्सनी त्याला २०२३ मध्ये चौथ्या क्रमांकावर घेतलं, कारण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बफेलोचं उदाहरण होतं. २०२४ च्या मोसमात त्याची टक्केवारी ४७.७ पर्यंत घसरली. त्याच्यात गुण नव्हते असं कुणी म्हणू नये. त्याला कॉलेजमध्ये आणखी एक-दोन वर्षं खेळायला मिळायला हवं होतं, आणि व्यावसायिक मैदानावर उभं करण्याआधी बाकावर बसून शिकायला वेळ हवा होता.

तेव्हा पुढच्या एप्रिलआधी एखाद्या क्वार्टरबॅकबद्दल स्वतः मत बनवायचं असेल तर त्याचे तगड्या बचावांविरुद्धचे तीन सामने निवडा. स्क्रीन पास सोडून द्या. तिसऱ्या डाउनवर (दहा यार्ड काढण्याच्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्यावर), दहा ते वीस यार्डांमध्ये, समोर गर्दी असताना फेकलेले पास तेवढे काढा. प्रत्येकासाठी एवढंच लिहा: चेंडू शरीराच्या कोणत्या भागाशी आला, बचावपटू कोणत्या बाजूला होता, आणि चेंडू सुटला तेव्हा रिसीव्हर वळला होता की नव्हता. झेल झाला की नाही, हा रकाना सगळ्यात शेवटी भरा.