पंखा उघडा की बंदिस्त: फोम बोर्डच्या दोन जेट विमानांमधला फरक

त्रिकोणी पंख, टोकदार नाक, मागे दोन उभ्या शेपट्या आणि राखाडी रंग दिलेली फोम बोर्डची दोन रेडिओ-नियंत्रित विमाने शेजारी शेजारी ठेवली, तर लांबून पाहणाऱ्याला ती एकाच जातीची वाटतात. जवळ जाऊन पाहिले की एका विमानाच्या धडात आरपार खाच दिसते आणि त्या खाचेत मागे तोंड करून बसवलेला साधा प्रोपेलर दिसतो. दुसऱ्याच्या पोटात एक नळी असते आणि त्या नळीत दहा-बारा पात्यांचा लहान पंखा बसवलेला असतो. या दुसऱ्या रचनेला छंदी लोक ईडीएफ (इलेक्ट्रिक डक्टेड फॅन, म्हणजे नळीतला विजेचा पंखा) म्हणतात. दोन्ही विमाने बॅटरीवर चालतात आणि दोन्हींत काहीही जळत नाही. केरोसीन जाळणारे खरे मॉडेल टर्बाइन ही तिसरीच वस्तू आहे आणि तिच्या उष्णतेपुढे फोमचा निभाव लागत नाही, त्यामुळे ती येथे बाजूला ठेवतो.

सोलापुरात या छंदाकडे वळणारी मुले, विशेषतः इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, बहुधा चित्र पाहून आराखडा निवडतात आणि आत काय बसवायचे ते नंतर ठरवतात. माझ्या मते हा क्रम उलटा असला पाहिजे, कारण विमान किती जड होणार, किती वेळ उडणार, हातातून कसे सुटणार आणि कोणत्या जमिनीवर उतरणार हे सारे त्याच्या बाह्यरूपावरून नव्हे, तर हवा ढकलणाऱ्या यंत्रणेवरून ठरते.

थ्रस्ट म्हणजे हवेला मागे ढकलून मिळवलेला पुढचा जोर. तो दोन प्रकारे मिळतो: पुष्कळ हवा थोड्या वेगाने ढकलून, किंवा थोडी हवा फार वेगाने ढकलून. सहा इंची प्रोपेलर सुमारे 182 चौरस सेंटिमीटरचे वर्तुळ व्यापतो, तर 70 मिलिमीटरच्या ईडीएफचे संपूर्ण वर्तुळ जेमतेम 38 चौरस सेंटिमीटरचे असते आणि त्यातही मधला मोटरचा भाग वजा करावा लागतो. इतक्या अरुंद वाटेतून तेवढाच जोर काढायचा तर हवेचा वेग फार वाढवावा लागतो, आणि हवेला वेग देण्याचा खर्च वेगाच्या वर्गाने वाढतो. नळीमुळे पात्यांच्या टोकांवरून होणारी गळती कमी होते व काही लाभ मिळतो, हे खरे आहे. पण जागच्या जागी किंवा मंद वेगात तेवढाच थ्रस्ट देण्यासाठी ईडीएफला प्रोपेलरपेक्षा बरीच जास्त वीज लागते, हा हिशेब त्याने पुसला जात नाही.

आकड्यांत पाहू. 2200 केव्हीची (दर व्होल्टमागे मिनिटाला 2200 फेऱ्या) 2212 आकाराची मोटर, 6×4 प्रोपेलर (सहा इंच व्यास आणि चार इंच पिच, म्हणजे एका फेरीत पुढे सरकण्याचे अंतर) आणि तीन सेलची लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी ही जोडी पूर्ण थ्रॉटलवर साधारण 20 अँपिअरच्या आसपास ओढते आणि 700 ते 800 ग्रॅमच्या घरात थ्रस्ट देते. चार सेलवर चालणारा 70 मिलिमीटरचा ईडीएफ दीड किलोच्या जवळपास थ्रस्ट देतो, पण त्यासाठी 50 ते 60 अँपिअर मागतो. बॅटरी 2200 एमएएचची असेल आणि तिचा चारपंचमांशच भाग वापरायचा हा नियम पाळला, तर सरासरी 15 अँपिअर ओढणारे प्रोपेलरचे विमान सात मिनिटे हवेत राहते, तर सरासरी 35 अँपिअर ओढणारे ईडीएफ तीन मिनिटांतच खाली बोलवावे लागते. शिवाय 60 अँपिअर म्हणजे या बॅटरीच्या क्षमतेच्या सत्तावीस पट प्रवाह. पाकिटावर छापलेल्या ‘सी’च्या (म्हणजे या पटीच्या) आकड्यावर विसंबून स्वस्त बॅटरी घेतली, तर ती काही दिवसांतच फुगते.

मग ईडीएफ कोणी का घ्यावा? वेगासाठी, हे त्याचे प्रामाणिक उत्तर आहे. चार इंच पिचचा प्रोपेलर मिनिटाला 18,000 फेऱ्या घेत असेल, तर त्याचा पिच वेग ताशी सुमारे 110 किलोमीटर निघतो, आणि विमान त्या वेगाच्या जवळ आले की थ्रस्ट झपाट्याने संपत जातो. दीड किलो थ्रस्ट देणाऱ्या 70 मिलिमीटरच्या ईडीएफमधून हवा ताशी 200 किलोमीटरहून अधिक वेगाने बाहेर पडते, म्हणून वेगात असतानाही त्याच्याकडे जोर शिल्लक राहतो. खाचेतला प्रोपेलर पंखावरून आलेली विस्कटलेली हवा कापत असल्यामुळे कर्कश घरघरतो. चांगला बॅलन्स केलेला ईडीएफ मात्र एकसुरी, चढत जाणारी शीळ घालतो. तो आवाज मला मनापासून आवडतो आणि केवळ त्यासाठी ईडीएफ बांधणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही.

बांधणीत दोघांचे सामान बरेचसे समान आहे: पाच मिलिमीटरचा कागदी आवरणाचा फोम बोर्ड, हॉट ग्लू, नऊ ग्रॅमचे सर्व्हो (विमानाचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी), पंखात कार्बनची दांडी. येथे एक इशारा द्यायला हवा. पाट्या आणि बॅनर करणाऱ्या दुकानात फोम बोर्ड मागितला की पुष्कळदा सनबोर्ड पुढे केला जातो. तो पीव्हीसीचा असतो, दिसायला तसाच पांढरा आणि सपाट, पण कित्येक पटींनी जड, आणि त्याचे विमान उडत नाही. शीट एका हातावर तोलून पाहावी. कापल्यावर कडेला कागदाचे दोन पापुद्रे आणि मध्ये फोम दिसला पाहिजे.

प्रोपेलरच्या विमानात खरी कसोटी खाचेची असते. सहा इंची प्रोपेलर मोकळा फिरण्यासाठी धड जिथे कापले जाते, तिथेच विमान उतरताना मोडते, म्हणून खाचेच्या दोन्ही बाजूंना कार्बनची पट्टी किंवा बांबूची काडी घालून सांधा पुढून मागे बांधून घ्यावा. प्रोपेलरवर कोरलेले आकडे विमान जाण्याच्या दिशेला असले पाहिजेत. मोटर उलटी फिरत असेल तर तिच्या तीन तारांपैकी कोणत्याही दोन अदलाबदल कराव्यात. बाकी रचना चुका सोसते.

ईडीएफचे विमान तसे सोसत नाही, कारण त्यात नळी हाच इंजिनाचा भाग असतो. हवा आत घेणारे तोंड पंख्याच्या क्षेत्रफळाएवढे किंवा थोडे मोठे असावे, त्याची कड धारदार न ठेवता गोलसर करावी, आणि मागची नळी हळूहळू अरुंद होत पंख्याच्या क्षेत्रफळाच्या 80 ते 90 टक्क्यांवर यावी. अंगणात पाणी मारताना रबरी नळीच्या तोंडावर अंगठा धरला की धार लांब जाते, तसाच हा प्रकार आहे, आणि अंगठा जास्त दाबला की पाणीच अडते हेही येथे तितकेच लागू पडते. मागची नळी प्रोजेक्टरच्या पारदर्शक शीटची गुंडाळी करून छान होते. आत गोंदाचा ओघळ, सर्व्होची वायर किंवा कागदाची फाटलेली कड राहिली, तर मिनिटाला चाळीस हजार फेऱ्यांच्या घरात फिरणाऱ्या पंख्याला ती जाणवते. एवढी काळजी घेऊनही विमान जड होतेच. त्याच पंखावर 650 ग्रॅमऐवजी 1,100 ग्रॅम आले, तर विमान तरंगत राहण्यासाठी लागणारा किमान वेग सुमारे 30 टक्क्यांनी वाढतो.

हा वाढलेला वेग सर्वांत आधी हातातून सोडताना जाणवतो. प्रोपेलरच्या विमानात एलेवॉन (पंखाच्या मागच्या कडेच्या, विमान वळवणाऱ्या हलत्या पट्ट्या) प्रोपेलरच्या झोतात येत असल्यामुळे थ्रॉटल देताच त्यांना पकड मिळते. ईडीएफचा झोत नळीतून थेट मागे निघून जातो. एलेवॉनना वारा मिळतो तो विमानाला स्वतःचा वेग आल्यावरच, आणि पंख्यालाही पूर्ण जोर धरायला क्षणभर लागतो. म्हणून ईडीएफ पूर्ण थ्रॉटलवर, सरळ आणि जोरात फेकावा लागतो, किंवा बंजीच्या रबराने सोडावा लागतो. प्रोपेलरच्या बाबतीत धोका वेगळा आहे: फेकणारा हात फिरणाऱ्या पात्यांच्या पुढे असतो, त्यामुळे विमान हातातून सुटेपर्यंत थ्रॉटल शून्यावरच ठेवावा.

जमिनीचाही विचार करावा लागतो. आपल्याकडे ज्वारी निघाल्यावर रान मोकळे होते, पण काळ्या मातीत ढेकळे आणि धसकटे राहतात व वरून फुफाटा उडतो. प्रोपेलर धसकटात अडकला तर मोडतो आणि नवा बसवता येतो. ईडीएफचे तोंड पोटाखाली असेल, तर उतरताना तो माती आणि काडीकचरा आत ओढतो आणि एका खड्याने आतली पाती तुटतात. अशा रानासाठी हवेची तोंडे पंखाच्या वर असलेला आराखडा निवडणे शहाणपणाचे आहे.

उन्हाळ्याचा परिणाम दोघांवरही होतो, पण सारखा नाही. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे 450 मीटर उंचीवर आहे. दुपारी पारा 40 अंशांवर असताना येथील हवेची घनता समुद्रसपाटीवरच्या प्रमाण हवेपेक्षा सुमारे 13 टक्क्यांनी कमी भरते. त्याच फेऱ्यांवर थ्रस्ट तेवढ्याच प्रमाणात घटतो आणि किमान वेग सुमारे सात टक्क्यांनी वाढतो. हलक्या विमानाला हे पेलते, पण जेमतेम जोर पुरेल असे बांधलेले ईडीएफ मे महिन्यातल्या दुपारी हातातून सुटून सरळ ढेकळात जाते. बंद गाडीत उन्हात ठेवल्यास हॉट ग्लू मऊ पडतो आणि लायपोही खराब होते, म्हणून सूर्योदयानंतरचा तास दोघांसाठी उत्तम.

होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून 2025 पासून प्रवासी विमाने ये-जा करू लागली आहेत. ड्रोन नियम, 2021 नुसार 25 किलोपर्यंतच्या, करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या मॉडेलला प्रकार-प्रमाणपत्र लागत नाही, परंतु हवाई क्षेत्राचे निर्बंध लागू राहतात. चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही, आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंत आणि त्यापलीकडे 400 फुटांपर्यंत मोकळीक असते. शहराचा बराचसा भाग पहिल्या वर्तुळात येतो, म्हणून डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहून जागा निवडावी आणि उत्तरेला नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे मुळीच जाऊ नये. ईडीएफ वेगवान असल्यामुळे 200 फुटांची मर्यादा त्याच्याकडून नकळत ओलांडली जाते.

पहिले विमान प्रोपेलरचे बांधावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच धडात पुढे ईडीएफ बसवता येईल का, असे अनेक जण विचारतात. खाच बुजवून नळी घातली तरी गुरुत्वमध्य सरकतो आणि पंखाचे क्षेत्रफळ नव्या वजनाला अपुरे पडते. ट्रान्समीटर, रिसीव्हर आणि सर्व्हो तेवढे काढून घ्यावेत. बॅटरी, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारे सर्किट) आणि धड नव्यानेच करावे लागते.