राष्ट्रपतिपदाचे एकतर्फी निकाल आणि अनुमोदकांची अट

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत चुरस क्वचितच होते. इथे मतदार असतात खासदार आणि आमदार; प्रत्येकाच्या मताला ठरलेले मूल्य असते आणि त्यांची बेरीज म्हणजे उमेदवाराचे मतमूल्य. १९५७ मध्ये विजयी उमेदवाराला ४,५९,६९८ मतमूल्य मिळाले, तर उरलेल्या दोघांना मिळून पाच हजारही नाही. १९६२ चा निकालही तसाच, विजेत्याच्या पारड्यात ९८ टक्के. केंद्रात आणि जवळपास सगळ्या राज्यांत एकाच पक्षाची सत्ता होती, तेव्हा दुसरे काही होणे शक्यही नव्हते.

तरीही १९६२ च्या निकालातला एक आकडा लक्ष देण्याजोगा आहे. दुसऱ्या क्रमांकावरच्या अपक्षाला ६,३४१ मतमूल्य मिळाले. हा गृहस्थ १९५२ आणि १९५७ मध्येही उभा होता. त्याच्यामागे मोठा पक्ष नव्हता, जिंकण्याचा प्रश्नच नव्हता; पण कुठल्या तरी आमदार-खासदारांना अधिकृत उमेदवार नको होता आणि मतपत्रिकेवर ते नोंदवायला त्यांना जागा होती. तेव्हा अर्जावर एक सूचक (नाव सुचवणारा मतदार) आणि एक अनुमोदक (त्याला दुजोरा देणारा) पुरत असे.

१९६७ मध्ये १७ उमेदवार रिंगणात आले, त्यांतल्या नऊ जणांना एकही मत पडले नाही. १९६९ मध्ये १५ होते. त्या वर्षी सत्ताधारी पक्षच दुभंगला आणि ‘सदसद्विवेकबुद्धीने’, म्हणजे पक्षादेश बाजूला ठेवून, मतदान झाले. मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात आणि जिंकायला निम्म्याहून जास्त मतमूल्य लागते. पहिल्या पसंतीत कुणालाच निम्म्याहून जास्त मते मिळाली नाहीत. तिसऱ्या क्रमांकावर रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर होते. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारे म्हणून आपल्याकडे त्यांची वेगळी ओळख. दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावर विजेता ४,२०,०७७ वर पोहोचला, प्रतिस्पर्धी ४,०५,४२७ वर थांबला. दुसरी पसंती मोजायची वेळ आजवर तेवढीच आली. निकालाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि पदावरच्या राष्ट्रपतींनी साक्ष दिली.

या दोन निवडणुकांनंतर, १९७४ मध्ये कायदा बदलला: दहा सूचक, दहा अनुमोदक, अडीच हजार अनामत. कारण दिले गेले हौशी उमेदवारांचे. शून्य मतांचे नऊ उमेदवार पाहता ते खोटे म्हणता येणार नाही. पण शून्य मतांच्या उमेदवाराने मतपत्रिका लांबण्यापलीकडे बिघडवले काय? चाळणी मात्र ६,३४१ वाल्यालाही लागू झाली. १९७४ मध्ये लढत दोघांतच झाली आणि विजेत्याने ८० टक्के मते घेतली. १९७७ मध्ये ३७ अर्ज आले, छाननीत ३६ बाद झाले आणि निवडणूक बिनविरोध झाली. आणीबाणीनंतर लोकशाही परत आल्याच्या वर्षी देशाच्या सर्वोच्च पदासाठी मतदानच झाले नाही, हे मला आजही खटकते. उमेदवारावर सर्वपक्षीय एकमत होते हे खरे. ते मतपेटीतून दिसले असते तर काय बिघडले असते?

१९९७ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर अट आणखी कडक झाली: पन्नास सूचक, पन्नास अनुमोदक, १५ हजार अनामत. त्या निवडणुकीत विजेत्याला ९,५६,२९० म्हणजे सुमारे ९५ टक्के मतमूल्य मिळाले. समोर माजी मुख्य निवडणूक आयुक्त होते आणि त्यांच्या पाठीशी मुख्यतः मुंबईतला एक प्रादेशिक पक्ष. त्यांना ५०,६३१ मिळाले. हे एकमत मात्र मोजले गेले, म्हणून त्याला वजन आहे. २००२ च्या जवळपास ९० टक्क्यांनाही तेच लागू पडते. डाव्यांनी उमेदवार दिला, म्हणूनच आकडा समोर आला.

त्यानंतरचे निकाल आघाड्यांच्या संख्याबळावर ठरत गेले. २००७ मध्ये ६५.८ टक्के, २०१२ मध्ये ६९, २०१७ मध्ये ६५.६५, २०२२ मध्ये ६४. या निवडणुकीत व्हिप, म्हणजे कुणाला मत द्यायचे याचा पक्षादेश, लागू होत नाही, त्यामुळे थोडीफार मते इकडची तिकडे होतात. २००७ मध्ये मुंबईतल्या त्याच पक्षाने आपल्या आघाडीचा उमेदवार सोडून महाराष्ट्राच्या कन्येला, प्रतिभा पाटील यांना, मत दिले. महाराष्ट्रातल्या एका आमदाराच्या मताचे मूल्य १७५, राज्यातल्या सगळ्या आमदारांचे मिळून ५०,४००. त्यामुळे या निर्णयाची दखल सगळ्यांनाच घ्यावी लागली.

२०२२ मध्येही शंभराहून अधिक अर्ज आले होते. छाननीनंतर उरले दोन.