इंग्रजी अध्यापनातील पाठ्यपुस्तकपूरक उपक्रम

इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकातील धडे, संवाद आणि स्वाध्याय यांना जोडून वर्गात घेतल्या जाणाऱ्या, विद्यार्थ्यांना आपापसांत इंग्रजी वापरायला लावणाऱ्या कृती. जोडीने करायची संभाषणे, गटकार्य, भूमिकाभिनय, मुलाखती, भाषिक खेळ हे त्यांचे नेहमीचे प्रकार. ज्यांच्या कानावर वर्गाबाहेर इंग्रजी फारशी पडत नाही, अशा विद्यार्थ्यांसाठी त्यांचे महत्त्व अधिक आहे. हे उपक्रम पुस्तकाची जागा घेत नाहीत. धड्यातला मजकूर हाच त्यांचा कच्चा माल असतो.

पाठ्यपुस्तक शब्द पुरवते, वाक्यरचना क्रमाने मांडते, उजळणीची सोय करते. बोलण्याची गरज मात्र त्याला निर्माण करता येत नाही. धड्याखालच्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाला ठाऊक असते आणि शेजारच्या मुलालाही त्याच पानावर दिसत असते. मग ते सांगायचे कोणाला आणि कशासाठी? जॉन सिंक्लेअर आणि माल्कम कुल्थर्ड यांनी १९७५ मध्ये वर्गातील संभाषणाची एक तीन पायऱ्यांची घडण दाखवून दिली : शिक्षकाचा प्रश्न, विद्यार्थ्याचे उत्तर, त्यावर शिक्षकाचा शेरा. या घडणीत विद्यार्थ्याच्या वाट्याला तीनांतली एकच पायरी येते, आणि तीही बहुधा एखाद्या शब्दाची. साधा हिशेब केला तरी अडचण कळते. चाळीस मिनिटांच्या तासाला चाळीस विद्यार्थी एकेक करून बोलले आणि शिक्षक पूर्ण तास गप्प राहिले, तरी प्रत्येकाला एकच मिनिट मिळते. जोड्या केल्या की एका वेळी वीस जण बोलत असतात.

‘संप्रेषणक्षमता’ ही भाषाभ्यासक डेल हाइम्स यांची संकल्पना १९७० च्या दशकात भाषाशिक्षणात रुजली. व्याकरण येणे आणि प्रसंगानुरूप बोलता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिने ठळक केले. पुढे भाषा-संपादनाचे अभ्यासक मायकल लाँग यांनी एकमेकांचे बोलणे समजून घेण्यासाठी पुन्हा विचारण्यावर, खात्री करून घेण्यावर भर दिला, तर मेरिल स्वेन यांनी स्वतः भाषा घडवण्याच्या प्रयत्नावर. या विषयात भारतीय भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांच्या बंगलोर प्रकल्पाचे (१९७९–८४) स्थान मोठे आहे. दक्षिण भारतातील शाळांत राबवलेल्या या प्रकल्पात व्याकरणाच्या क्रमाऐवजी कृतींचा क्रम हाच अभ्यासक्रम होता. कृतींचे त्यांनी केलेले तीन गट आजही वापरात आहेत : माहितीची दरी (एकाकडची माहिती दुसऱ्याला द्यायची), तर्काची दरी (दिलेल्या माहितीवरून नवे काही ताडायचे) आणि मताची दरी (स्वतःची आवड किंवा मत मांडायचे). प्रभूंनी गटकार्यावर मात्र भर दिला नव्हता. शिक्षकाने आधी सगळ्या वर्गासोबत एक कृती करायची, मग तशीच दुसरी विद्यार्थ्याने स्वतः करायची, अशी त्यांची रीत होती. म्हणून बाके जोडून बसवले की वर्ग संवादी झाला, असे समजणे घाईचे ठरते.

तिन्हींपैकी माहितीची दरी पुस्तकातून तयार करायला सर्वांत सोपी. समजा, धड्यात गाड्यांचे वेळापत्रक आहे. त्याच्या दोन प्रती करायच्या. एकीतल्या काही वेळा खोडायच्या, दुसरीतल्या वेगळ्या. जोडीदारांनी कागद एकमेकांना दाखवायचा नाही, हा एकच नियम. आता ‘व्हॉट टाइम डझ द ट्रेन लीव्ह?’ हा प्रश्न विचारल्यावाचून रिकामी चौकट भरत नाही. स्वाध्यायात कंटाळवाणी वाटणारी प्रश्नरचना इथे कामाला येते, आणि प्रश्न नीट कळला नाही तर जोडीदार पुन्हा विचारतो.

उताऱ्यासाठी ‘जिगसॉ’ उपयोगी पडते. एलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे, वेगवेगळ्या वंशांची मुले नव्याने एका वर्गात आल्यावर निर्माण झालेला तणाव कमी करण्यासाठी ही पद्धत योजली. उताऱ्याचा एकेक तुकडा एकेकाला द्यायचा. दुसऱ्याचे ऐकल्याशिवाय कोणालाच पूर्ण मजकूर कळत नाही.

व्याकरणासाठी मात्र ‘डिक्टोग्लॉस’इतकी कसदार कृती क्वचितच सापडेल. ती रूथ वाइनरिब यांच्या १९९० मधील मांडणीमुळे प्रसिद्ध झाली. शिक्षक चार-पाच वाक्यांचा परिच्छेद नेहमीच्या गतीने दोनदा वाचतात. विद्यार्थी सुटे शब्द टिपून घेतात आणि मग गटात बसून परिच्छेद पुन्हा उभा करतात. इथे ‘अ’ की ‘द’, ‘वेंट’ की ‘हॅड गॉन’ यावर खरा वाद होतो. शेवटी मूळ परिच्छेद समोर आला की प्रत्येक गट आपला फरक स्वतः शोधतो. धड्याचा सारांश यासाठी सहज वापरता येतो.

बुजऱ्या विद्यार्थ्यांसाठी आधी विचार, मग जोडीत चर्चा आणि नंतर वर्गासमोर मांडणी, हा फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेला क्रम सोयीचा.

अशा तासांबद्दलची नेहमीची तक्रार म्हणजे मुले मातृभाषेत बोलू लागतात. कामाची आखणी मातृभाषेत झाली तर बिघडत नाही. पण पूर्ण काम इंग्रजीशिवाय उरकता येत असेल, तर दोष कृतीच्या रचनेत आहे, मुलांत नाही. एका शब्दावर भागणारे खेळही याच कारणाने तोकडे पडतात. वर्ग रंगतो, वाक्य तयार होत नाही. चुका बोलण्याच्या मध्येच तोडून दुरुस्त करू नयेत. त्या टिपून ठेवून शेवटी, नाव न घेता, फळ्यावर मांडाव्यात.

प्रती काढण्याची सोय नसली तरी अडत नाही. प्रत्येक जोडीतला एक जण फळ्याकडे पाठ करून बसतो, दुसरा फळ्याकडे तोंड करून. शिक्षक धड्यातला एक शब्द फळ्यावर लिहितात. फळा दिसणाऱ्याने तो शब्द न उच्चारता इंग्रजीत समजावायचा, आणि पाठमोऱ्याने ओळखायचा. पुढच्या शब्दाला दोघे जागा बदलतात.