नवी स्पोर्ट्स कार ताब्यात घेण्यापूर्वी: रंग आणि आतील फिनिश कसे तपासावे

आमच्याकडे तपासणीला, पॉलिशला आणि फिल्म लावायला येणाऱ्या बऱ्याच नव्याकोऱ्या गाड्यांच्या रंगावर उन्हात गोल गोल बारीक ओरखडे दिसतात. ते कारखान्यातून आलेले नसतात. डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी शोरूमच्या मागे घाईत गाडी धुताना, बादलीतले तेच पाणी आणि तेच फडके फिरवताना ते पडलेले असतात. म्हणून या पत्रकातली सर्वांत महत्त्वाची सूचना सुरुवातीलाच देतो. बुकिंग करतानाच सेल्स मॅनेजरला लेखी कळवा: गाडी धुऊ नका, पॉलिश करू नका, वरची संरक्षक फिल्म काढू नका. गाडी धुळीने भरलेली मिळाली तरी चालेल. हार, पेढे आणि फोटोंसाठी गाडी चकचकीत हवी असते हे आम्हाला मान्य आहे, पण त्या एका तासाची किंमत रंगाला पुढची कित्येक वर्षे मोजावी लागते.

रंग म्हणजे नेमके किती?

कारखान्यात गाडीचा सांगाडा आधी रसायनांनी धुतला जातो आणि मग विद्युतभारित प्रायमरच्या हौदात पूर्ण बुडवला जातो. हा थर साधारण २० मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), गंज रोखण्यासाठी. त्यावर दुसरा प्रायमर, त्यावर आपण ज्याला रंग म्हणतो तो बेसकोट, आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअरकोट. सगळे मिळून बहुतेक गाड्यांवर १०० ते १५० मायक्रॉन भरतात. छपाईचा साधा कागद साधारण १०० मायक्रॉनचा असतो, यावरून अंदाज यावा. यात क्लिअरकोटचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉनचा. चमक, रंगाची खोली, उन्हापासून संरक्षण, सगळे या थरावर अवलंबून असते.

हा थर जाड पॅडने आणि कडक कंपाउंडने (घासणाऱ्या पेस्टने) रगडला की काही मायक्रॉन जातात आणि ते परत येत नाहीत. नवी गाडी 'एकदा पॉलिश मारून देतो' असे कोणी सहज म्हणाले तर त्याला आधी विचारा, किती मायक्रॉन काढणार? उत्तर देता येत नसेल तर गाडी त्याच्या हातात देऊ नका.

क्लिअरकोट संपला तर पुन्हा रंगवता येतो, हे खरे. पण कारखान्यात रंग भाजला जातो तेव्हा गाडीत वायर, काच, सीट, टायर काहीच नसते, त्यामुळे क्लिअरकोट साधारण १४० अंश सेल्सियसला पक्का करता येतो. जोडलेल्या गाडीला इतकी उष्णता देता येत नाही. वर्कशॉपमधल्या बूथमध्ये तापमान ६० ते ८० अंशांच्या आसपास ठेवावे लागते आणि त्यासाठी रसायनही वेगळे वापरावे लागते. चांगला पेंटर उत्तम काम करतो, तरीही मूळ रंग तो मूळ रंग. तो जितका टिकवता येईल तितका टिकवावा, असा आमचा आग्रह आहे.

मीटर काय सांगतो आणि काय सांगत नाही

तपासणीत आम्ही प्रत्येक पॅनेलवर जाडी मोजतो. पोलादी पत्र्यावर मीटर चुंबकीय पद्धतीने मोजतो, ॲल्युमिनियमवर एडी करंटने, म्हणजे पत्र्यात निर्माण केलेल्या भोवऱ्यासारख्या विद्युतप्रवाहाने. स्पोर्ट्स कारमध्ये हा फरक फार महत्त्वाचा आहे. श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात बनणाऱ्या पोर्शे ९११ च्या सध्याच्या ९९२ पिढीत पुढचे-मागचे बंपर सोडले तर बाहेरचे पॅनेल ॲल्युमिनियमचे आहेत. फक्त पोलादासाठी असलेला स्वस्तातला मीटर तिथे काहीच दाखवणार नाही. शेव्हरोले कॉर्व्हेटचे बाहेरचे पॅनेल तर १९५३ पासून फायबरग्लास आणि इतर कंपोझिटचे आहेत. तिथे हे दोन्ही प्रकारचे मीटर निरुपयोगी, अल्ट्रासोनिक मीटरच लागतो. कार्बन फायबरच्या छपरावरही साध्या मीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये.

आकडा कसा वाचायचा? सगळ्या गाडीवर ११० ते १३० येत असताना एकाच दारावर २६० आले, तर ते दार पुन्हा रंगवलेले आहे. लगेच फसवणूक समजू नका. कारखान्यातही काही गाड्या दुरुस्तीसाठी परत रंगवल्या जातात, आणि आयात गाडी युरोपातून जहाजाने, मग बंदरातून ट्रकवर, असा लांबचा प्रवास करते. पण तुम्हाला हे सही करण्याआधी कळले पाहिजे आणि डिलिव्हरी नोटवर नोंदले गेले पाहिजे. ५००च्या पुढे आकडा गेला तर पत्र्यावर पुटी भरलेली असण्याची दाट शक्यता असते. अशी गाडी नवी म्हणून घेऊ नका.

ऑरेंज पील: दोष की स्वभाव?

आम्हाला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हा. ट्यूबलाइटचे प्रतिबिंब दारावर पाहिले तर ते सरळ न दिसता किंचित थरथरते, कारण पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा बारीक उंचसखल असतो. यालाच ऑरेंज पील म्हणतात. इतके पैसे मोजूनही असे का, म्हणून ग्राहक नाराज होतात.

रंग मारणारे रोबो वेगाने फिरणाऱ्या घंटेसारख्या नोझलमधून रंगाचे अतिसूक्ष्म थेंब उडवतात. थेंब पत्र्यावर पडल्यावर एकमेकांत मिसळून सपाट व्हायला हवेत, पण रंग फार पातळ ठेवला तर दारासारख्या उभ्या भागावरून ओघळतो. ओघळ टाळायचा म्हणजे थोडी खडबड पत्करावी लागते. म्हणूनच त्याच गाडीचे बॉनेट आरशासारखे आणि दारे जरा लहरी दिसतात. दोन्ही बाजूंची दारे सारखीच दिसत असतील, तर तो त्या गाडीचा स्वभाव आहे. एकच दार वेगळे दिसत असेल, एकदम गुळगुळीत किंवा एकदम जाडसर, तर मात्र मीटर लावा. काळ्या आणि गडद निळ्या रंगावर हे सगळे जास्त जाणवते, पांढऱ्यावर जवळजवळ दिसत नाही.

बारीक पॉलिश पेपर पाण्यासोबत घासून ऑरेंज पील काढता येते. आम्हाला ते काम येते, त्याचे पैसेही चांगले मिळतात. तरीही रोज चालणाऱ्या नव्या गाडीवर ते करू नका असेच आम्ही सांगतो. उंचवटे सपाट करायचे म्हणजे क्लिअरकोटचा मोठा वाटा घालवायचा, आणि कडांवर तो आधीच पातळ असतो. पुढे कधी खरा ओरखडा पडला तर तो काढायला थरच शिल्लक राहत नाही.

खरे दोष

ओघळ, रंगाखाली अडकलेला धूळकण, तेलाचा किंवा सिलिकॉनचा अंश राहिल्याने पडलेले छोटे खड्डे, पेपरच्या घासणीच्या खुणा, हे दोष आहेत आणि ते दाखवायला संकोच करू नका. दारांच्या खालच्या कडा, डिकीच्या झाकणाची आतली बाजू, दिव्यांच्या आणि हँडलच्या भोवतीचा भाग नीट पाहा. बॉनेटखाली रंग निस्तेज दिसला तर घाबरू नका, काही कंपन्या तिथे क्लिअरकोट देत नाहीत.

बंपर आणि फेंडरच्या छटेत किंचित फरक दिसतो, विशेषतः चंदेरी आणि मेटॅलिक रंगांत. बंपर प्लास्टिकचा असतो, तो बहुधा वेगळा रंगवला जातो आणि त्यातले धातूचे कण वेगळ्या कोनात बसतात. तेवढा फरक चालवून घ्यावा लागतो. पण दार आणि फेंडर दोन्ही धातूचे असून छटा वेगळी असेल, तर नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. बॉनेटवर एक धूळकण सापडला आणि डीलर 'पूर्ण बॉनेट पुन्हा रंगवून देतो' म्हणाला, तर लगेच हो म्हणू नका. बहुतेक धूळकण तेवढ्याच जागी घासून, पॉलिश करून काढता येतात. एका कणासाठी कारखान्याचा अख्खा थर घालवणे हा तोट्याचा सौदा आहे.

पाहणी सकाळच्या उन्हात, कोरड्या गाडीवर, उघड्यावर करा. शोरूमच्या पसरट दिव्यांत आणि बेसमेंटमध्ये ओरखडे लपतात. ओल्या गाडीवर तर सगळेच रंग सुंदर दिसतात. हात फिरवून खरखर लागली तर ती बहुधा प्रवासात बसलेले लोखंडाचे सूक्ष्म कण असतात. ते रसायनाने विरघळवून काढतात, घासून नाही.

मॅट रंगाच्या गाडीला पॉलिश, वॅक्स, रबिंग काहीही लावू नका. चमक आलेला डाग परत मॅट होत नाही.

आतला भाग

बाहेरच्या रंगावर सगळ्यांचे लक्ष असते, आतल्या फिनिशकडे कोणी बघत नाही. आमच्या मते निम्मी तपासणी आतच व्हायला हवी.

आजच्या बहुतेक गाड्यांतल्या चामड्यावर रंगाचा आणि त्यावर पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. तुमचा हात लागतो तो या थराला. म्हणून तेलकट 'लेदर फूड' चोळून चामडे मऊ होते हा समज सोडा. ते बहुतांशी वरच राहते आणि धूळ धरते. ओल्या मायक्रोफायबरने आणि सौम्य क्लीनरने मळ काढणे पुरेसे. ज्या गाड्यांत कमी थर असलेले, अधिक नैसर्गिक चामडे असते ते हाताला सुखद लागते, पण घाम आणि डाग लवकर पकडते. फिकट रंगाचे सीट घेणार असाल तर नव्या जीन्सचा निळा रंग चामड्यात उतरतो हे लक्षात ठेवा.

स्पोर्ट्स कार बुटकी असते. आत बसताना अंग ड्रायव्हर सीटच्या बाहेरच्या उंच कडेवर घासत जाते, आणि सर्वांत आधी ती कड झिजते. नव्या गाडीतही ती तपासा, कारण डिलिव्हरीपूर्वी कितीतरी लोक त्या सीटवर बसलेले असतात. शिलाईची ओळ डॅशबोर्डवर सरळ आहे का, दाराच्या ओळीशी जुळते का, काचेजवळ चामडे सुटलेले किंवा ताणलेले आहे का, हेही पाहा. पार्किंगमध्ये उन्हात तापून सर्वांत आधी आक्रसते ते तिथलेच चामडे.

अल्कांटारा चामडे नाही. ते पॉलिस्टर आणि पॉलियुरेथेनचे इटलीत बनणारे कापड आहे. स्टिअरिंगवर ते हातातील तेलाने चपटे आणि चकाकते होते. ओलसर कापडाने पुसून, वाळल्यावर मऊ ब्रशने लव उभी करा. सिलिकॉनचे स्प्रे त्यावर कधीच मारू नका.

चकचकीत काळे प्लास्टिक आल्याबरोबर ओरखडे धरते. बोटांनी पुसू नका, हवे तर त्यावर डिलिव्हरीच्या दिवशीच फिल्म बसवून घ्या. बटणांवरचा रबरासारखा मऊ थर मात्र वेगळ्या कारणाने काळजीचा. १९९० आणि २०००च्या दशकांतल्या काही महागड्या गाड्यांत तो चिकट होऊन बोटांना लागू लागला, कारण उष्णता आणि दमटपणाने पॉलियुरेथेनचे विघटन होते. मुंबई, कोकण, गोव्याची हवा यासाठी अजिबात अनुकूल नाही. बटणांवर अल्कोहोल किंवा सॅनिटायझर लागू देऊ नका.

पावसाळ्यात बरेच मालक गाडी झाकून ठेवतात. ओल्या गाडीवर कव्हर घातले की आत बुरशी येते, सीटच्या शिलाईत आणि बेल्टवर सर्वांत आधी. गाडी कोरडी करूनच झाका, आठवड्यातून एकदा कव्हर काढून थोडा वेळ एसी चालवा, गालिच्याखाली हात घालून ओल तपासा.

फिल्म आणि सिरॅमिक

पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म) ही रंगावर चिकटवायची साधारण १५० ते २०० मायक्रॉनची पॉलियुरेथेन फिल्म, म्हणजे तुमच्या संपूर्ण रंगापेक्षा जाड. एक्स्प्रेसवेवर उडणारे खडे तीच झेलते. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे द्रव रूपात लावून पक्का होणारा थर, फार तर काही मायक्रॉनचे. त्याने गाडी धुणे सोपे होते, पाण्याचे डाग कमी धरतात, पण खड्यापासून ते वाचवत नाही. जाहिरातीतला ९एच हा आकडा पेन्सिलच्या कठीणपणाच्या मोजणीतला आहे, हिऱ्या-दगडाच्या मोजणीतला नाही. बजेट मर्यादित असेल तर पुढच्या बंपरला, बॉनेटला आणि आरशांना फिल्म लावा, उरलेल्या गाडीचे नंतर पाहू.

कारखान्याचा रंग पूर्ण पक्का असतो, त्यामुळे फिल्मसाठी थांबावे लागत नाही. एखादे पॅनेल पुन्हा रंगवलेले निघाले तर तिथे काही आठवडे थांबावे लागते, म्हणून ही गोष्ट आम्हाला आधी सांगा.

तपासणीसाठी येताना गाडी न धुता आणा. डिलिव्हरी नोटची प्रत, रंगाचा कोड आणि रंग मॅट आहे का ही माहिती सोबत असू द्या. प्रत्येक पॅनेलचे आकडे आम्ही तुमच्या कार्डावर लिहून देतो, पॉलिशच्या आधीचे आणि नंतरचेही.