रेडिओलिसिस

गॅमा किरण, क्ष-किरण किंवा वेगवान इलेक्ट्रॉन यांच्या ऊर्जेने रेणूंची जी फाटाफूट होते तिला रेडिओलिसिस म्हणतात. विद्युत विच्छेदनाच्या धर्तीवर तिला प्रारण विच्छेदन म्हणता येईल.

नवी मुंबईत ही रसायनक्रिया रोजची आहे. अमेरिकेला निघालेला हापूस वाशीत कृषी पणन मंडळाच्या विकिरण (किरणांचा मारा) सुविधा केंद्रातून जातो. मसाल्यांच्या विकिरणाचा ‘ब्रिट’चा, म्हणजे अणुऊर्जा विभागाच्या विकिरण आणि समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाचा प्रकल्पही वाशीतच, २००० सालापासूनचा.

कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूमधून ११.७ आणि १३.३ लाख इलेक्ट्रॉन व्होल्टचे गॅमा फोटॉन निघतात. पाण्यातला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तोडायला जेमतेम पाच इलेक्ट्रॉन व्होल्ट पुरतात. पण फोटॉन नेम धरून बंध तोडत नाही. तो एखादा इलेक्ट्रॉन उडवतो, तो इलेक्ट्रॉन धावता धावता आणखी शेकडो-हजारो उडवतो. इलेक्ट्रॉन गमावलेला पाण्याचा रेणू शेजारच्या रेणूला प्रोटॉन देतो आणि मागे उरतो हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन बाळगणारा अतिक्रियाशील तुकडा. हे सगळे सेकंदाच्या अब्जांशाच्याही आत उरकते. सुटलेल्या इलेक्ट्रॉनभोवती पाण्याचे रेणू गोळा होतात; काही मूलक आपसांत जुळून हायड्रोजन वायू आणि हायड्रोजन पेरॉक्साइड बनतात.

खरा तोडफोड्या हा हायड्रॉक्सिल मूलक. पेशीतल्या डीएनएला किरण थेट लागण्यापेक्षा त्याच्याकडून होणारी इजा जास्त असते. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कर्करोग केंद्रामध्ये कर्करोगावर किरणोपचार होतात, तिथेही मोठे काम त्याचेच. प्राणवायू कमी असलेली गाठ किरणांना दाद देत नाही, कारण तुटलेले टोक ऑक्सिजनने पकडले नाही तर डीएनएची डागडुजी सोपी जाते.

आंब्याला ४०० ग्रे, म्हणजे किलोमागे ४०० ज्यूल मिळतात. यात फळ एक दशांश अंश सेल्सिअसने तापते आणि पाण्याच्या दहा लाख रेणूंपैकी साधारण तीन फुटतात. कोयीतल्या भुंग्याची वीण थांबायला एवढे पुरते. ‘रेडिएशन मारलेला’ आंबा किरणोत्सर्गी होतो ही समजूत मात्र निराधार आहे: कोबाल्टचे गॅमा किरण इलेक्ट्रॉन उडवतात, फळातल्या अणूंना किरणोत्सर्गी करण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते.

हवाही फुटते. विकिरण कक्षात ऑक्सिजनचे रेणू तुटून ओझोन बनतो, त्याला उग्र वास असतो. म्हणून कोबाल्टचा स्रोत पाण्याच्या खोल टाकीत उतरवल्यावरही पंखे ती हवा बाहेर काढेपर्यंत आत कुणाला सोडत नाहीत. प्लास्टिकची तऱ्हा वेगळी. पॉलिथिनच्या साखळ्या एकमेकींत गुंतून ते चिवट होते, टेफ्लॉनच्या तुटून भुगा होतो. विकिरणासाठी जाणाऱ्या खोक्यांवर लावतात ती पिवळी टिकली मात्रा मिळताच लाल होते, तोही रेडिओलिसिसच.