कातळावरचे बूट

भाच्याला सध्या बास माशाचं वेड लागलंय. मासा अमेरिकेतला, तिथल्या खडकाळ जलाशयांतला, आणि ओळख मोबाइलवरची. त्या रील्समधली माणसं कुजबुजत बोलतात. त्यामुळे पानशेतच्या बॅकवॉटरला गळ टाकून बसलो की मी तोंड उघडायचा अवकाश, "मामा, हळू बोल ना, मासे पळतील!" आणि हे सांगायला स्वारी जाड बुटांनी कातळावरून धपाधप उड्या मारत येणार.

माझ्या बडबडीने माशाचं काही बिघडत नाही. पदार्थाची घनता गुणिले त्यातला ध्वनीचा वेग म्हणजे त्याचा ध्वनिरोध. एसआय एककांत तो हवेचा सुमारे ४१५, पाण्याचा सुमारे १५ लाख. एवढी तफावत असली की सरळ खाली आदळणाऱ्या ध्वनीच्या ऊर्जेतला हजारात जेमतेम एक भाग पाण्यात उतरतो, बाकीचा माघारी. आपल्या बेसॉल्टचा, म्हणजे या काळ्या कातळाचा, ध्वनिरोध मात्र पाण्याच्या साधारण दहापटच. त्यामुळे कातळातून आलेल्या धक्क्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा पाण्यात जातो.

आता माशाचा कान. माशाचं अंग पाण्याइतक्याच घनतेचं, त्यामुळे ध्वनीबरोबर ते पाण्यासारखंच हलतं. कानातला चुन्याचा खडा जड, तो मागे रेंगाळतो आणि त्याखालच्या पेशींचे केस वाकतात. बासची भिस्त बहुतेक यावरच, म्हणून त्याला काहीशे हर्ट्झपर्यंतचंच, म्हणजे सेकंदाला काहीशे कंपनांपर्यंतचंच, कळतं. आपले रोहू, कटला, महाशीर कार्पच्या कुळातले. त्यांच्या पोटातली हवेची पिशवी ध्वनीच्या दाबाने आकसते, फुगते, आणि मणक्यांपासून घडलेल्या चिमुकल्या हाडांच्या चार जोड्या ती थरथर थेट कानापर्यंत नेतात. जर्मन शरीरशास्त्रज्ञ वेबरने १८२० मध्ये ही हाडं दाखवून दिली. त्यांच्या जोरावर याच कुळातला गोल्डफिश तीन-चार हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो. म्हणजे ब्रिटिश निसर्ग-अभ्यासक कर्नल साइक्सने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून ज्याचं वर्णन केलं, तो महाशीर बासपेक्षा तिखट कानाचा असणार.

 

हे सगळं ऐकून भाच्याने मुकाट बूट काढले. एप्रिलमधली दुपार, कातळ तव्यासारखा तापलेला. तेव्हापासून तो बगळ्यासारखा एकेका पायावर उभा आहे, आणि मी बोलतोय.