अर्बुदरोधी जनुके आणि प्रोस्टेट कर्करोगपेशींचे हॉर्मोनावलंबन

प्रोस्टेट ग्रंथीच्या पेशी अँड्रोजेन या पुरुषी हॉर्मोनांवर पोसल्या जातात आणि त्यांच्यापासून उद्भवलेल्या कर्करोगपेशींतही हे अवलंबन सुरुवातीला बहुधा टिकून असते. अँड्रोजेन बनवणारी वृषणे काढल्यास किंवा इस्ट्रोजेन हे स्त्री-हॉर्मोन दिल्यास रुग्णांच्या रक्तातील आम्ल फॉस्फेटेज (या रोगात वाढणारे विकर) उतरते, असे चार्ल्स हगिन्स व क्लॅरेन्स हॉजेस यांनी १९४१ मध्ये दाखवले. हगिन्स यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पसरलेला रोग मात्र या उपचाराने काही काळच दबतो.

तो पुन्हा उसळतो कसा, याविषयी मतभेद आहेत. हॉर्मोनाची गरज नसलेल्या मोजक्या पेशी अर्बुदात (कर्करोगाच्या गाठीत) आधीपासूनच असतात आणि उपचाराने त्यांची केवळ निवड होते, असे एक मत. उंदरांतील डनिंग या प्रोस्टेट अर्बुदावरील प्रयोगांवरून आयझॅक्स व कॉफी यांनी १९८१ मध्ये ते मांडले. पेशी उपचाराच्या दडपणाखाली स्वतः बदलतात, असे दुसरे मत. परतलेल्या सुमारे ३० टक्के अर्बुदांत अँड्रोजेन-ग्राहीच्या (हॉर्मोन धरून पेशीला संदेश देणाऱ्या प्रथिनाच्या) जनुकाच्या जादा प्रती सापडल्या, उपचारापूर्वीच्या नमुन्यांत नाहीत, असे १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. निवडीच्या मतानेही याचा उलगडा करता येतो. तरीही ‘हॉर्मोन-निरपेक्ष’ हा जुना शब्द सैलच म्हणायला हवा, कारण यांतील बऱ्याच पेशी ग्राही टाकून देत नाहीत. त्या थोडक्या हॉर्मोनावर भागवायला शिकतात.

पेशींच्या बेबंद वाढीला आवर घालणाऱ्या अर्बुदरोधी जनुकांचा संबंध येथे येतो. दहाव्या गुणसूत्रावरील पीटेन (१९९७ मध्ये ओळखले गेले) गमावल्यास एकेटी या प्रथिनाचा वाढीचा मार्ग मोकळा होतो. एकेटी व ग्राही एकमेकांना आवर घालतात, म्हणून एक मार्ग रोखला की दुसरा जोर धरतो. आरबी हे दुसरे अर्बुदरोधी जनुक गेल्यास ई२एफ१ या प्रथिनावरचा लगाम सुटतो व ग्राहीची निर्मिती वाढते, असे प्रयोगांत दिसते. आरबी आणि पी५३ ही दोन्ही अर्बुदरोधी जनुके हरपल्यास काही पेशी प्रोस्टेटची ओळखच सोडून चेतासंप्रेरकी (चेतापेशींसारखे, हॉर्मोन स्रवणारे) रूप घेतात. तेथे हॉर्मोनरोधक औषधांना धरायला काही उरत नाही. एनकेएक्स३.१ हे अर्बुदरोधी जनुक तर स्वतःच अँड्रोजेनच्या हुकमतीखाली आहे.

प्रयोगशाळेतील बरेचसे ज्ञान तीन पेशीवंशांवर (शरीराबाहेर सतत वाढवत ठेवलेल्या पेशींवर) उभे आहे. तिन्ही वंश शरीरात अन्यत्र पसरलेल्या गाठींतून आलेले आहेत. लसीका ग्रंथीतून मिळालेल्या एलएनसीएपीत ग्राही आहे, पी५३ शाबूत आहे, पीटेन नाही. हाडातील गाठीपासूनच्या पीसी-३ मध्ये पी५३ व पीटेन दोन्ही नाहीत. मेंदूतील गाठीपासूनच्या डीयू-१४५ मध्ये आरबी बिघडलेले आहे. त्या पेशींत धड आरबी घातल्यावर उंदरांत अर्बुद निर्माण करण्याची त्यांची क्षमता घटली (१९९०).

एलएनसीएपीच्या पेशी बशीच्या तळाला नीट चिकटत नाहीत, द्रावण बदलताना सुटून येतात. कोळशाने हॉर्मोन काढून घेतलेल्या रक्तद्रवात त्यांची वाढ मंदावते, थोड्या अँड्रोजेनने वेग घेते आणि फार झाल्यास पुन्हा मंदावते. त्यांच्या ग्राहीतील एक अमिनो आम्ल बदललेले असल्याने प्रोजेस्टेरॉनही त्यांना चालते. अडथळा म्हणून दिलेल्या फ्लुटामाइडचे क्रियाशील रूपसुद्धा या ग्राहीला चेतवते.